जलविद्युत जलाशयातल्या गाळाचं १-डी मॉडेल: डेल्टा मागे राहतो आणि धरणाजवळ गाळच साठत नाही

दरीकाठ:
नमस्कार मंडळी. डोंगराळ नदीवरच्या एका जलविद्युत जलाशयाचं गाळाचं मॉडेल हेक-रास या नदीप्रवाहाच्या सॉफ्टवेअरमध्ये उभं केलं आहे (१-डी, म्हणजे फक्त प्रवाहाच्या दिशेने; क्वासी-अनस्टेडी, म्हणजे बदलता प्रवाह स्थिर तुकड्यांत धरून). नऊ वर्षांचं सिम्युलेशन सर्वेक्षणाशी जुळत नाही. माहिती अशी:

जलाशयाची लांबी ३.२ किमी, मूळ तळाचा उतार १.१ टक्के, सरासरी रुंदी १०० मीटर, मूळ साठा ५.८ दलघमी (दशलक्ष घनमीटर), वार्षिक आवक सुमारे १,०५० दलघमी. सर्वेक्षणानुसार नऊ वर्षांत १.९ दलघमी गाळ साठला. त्यातला १.४५ खडी-वाळूच्या डेल्टात (जलाशयाच्या वरच्या भागात साचणारा ढीग) आणि ०.४५ धरणाजवळ बारीक पोयट्याच्या रूपात, जाडी ४ ते ६ मीटर. मॉडेल मात्र एकूण २.४ दलघमी दाखवतं. तो सगळा वरच्या भागात, डेल्टाचं टोक प्रत्यक्षापेक्षा २०० मीटर मागे आणि धरणाजवळ काहीच नाही. शिवाय डेल्टाच्या माथ्यावर तळाची रेषा करवतीसारखी वर-खाली होते.

सेटिंग: गाळवहनाचं सूत्र मायर-पीटर म्युलर, वरच्या टोकाला इक्विलिब्रियम लोड, क्रॉस सेक्शन (पात्राचे आडवे छेद) दर २०० मीटरला, कॉम्प्युटेशन इन्क्रिमेंट (गणनेचा एक टप्पा) १२ तास, पाण्याचं तापमान सरसकट २० अंश, गाळाची घनता डिफॉल्ट, मॅनिंगचा n (पात्राच्या प्रवाहरोधाचा आकडा) ०.०५. धरणापाशी महिन्याची सरासरी पातळी दिली आहे. पुराच्या दिवसांत पातळी पूर्ण संचय पातळीच्या ७ मीटर खाली ठेवतात, पण मासिक सरासरीत ती जेमतेम १ मीटर खाली दिसते. वरच्या मापन केंद्रावर तरंगत्या गाळाचे रोजचे नमुने आहेत, त्यावरून वर्षाला ४.६ लाख टन येतात. त्यात वाळू ३० टक्के.

आधी काय बदलू? सूत्र बदलू, की थेट २-डी किंवा ३-डीकडे जाऊ? पुढे याच मॉडेलवर फ्लशिंगचे (पातळी उतरवून गाळ वाहून काढण्याचे) पर्याय तपासायचे आहेत.

तळपातळी:
सूत्राला आणि मितींना इतक्यात हात लावू नका. तुमची गडबड दोन्ही टोकांच्या बाउंड्री कंडिशनमध्ये (मॉडेलच्या टोकांना बाहेरून दिलेल्या आकड्यांत) आहे, आणि त्या दोन चुका एकमेकींना झाकताहेत.

वरचं टोक आधी घेऊ. इक्विलिब्रियम लोड म्हणजे नदी जेवढा गाळ वाहून नेऊ शकते तेवढा तिला मिळतोच असं गृहीत धरणं. सपाट वाळूच्या नदीत ते चालतं. एक टक्क्याहून जास्त उताराच्या डोंगरी नदीत पात्राला मोठ्या धोंड्यांचं चिलखत असतं आणि गाळाचा पुरवठा मर्यादित असतो. तिथे वहनक्षमता आणि प्रत्यक्ष वहन यांत दहापटीचाही फरक पडू शकतो. म्हणून या टोकाला रेटिंग कर्व्ह (कोणत्या विसर्गाला किती गाळ) किंवा लोड सिरीज (येणाऱ्या गाळाची मालिका) द्यायला हवी.

किती द्यायचं, ते तुमच्याच आकड्यांतून निघतं. घनफळात बोलू नका, टनात बोला. डेल्टातलं खडी-वाळूचं मिश्रण दाट बसतं, कारण खडीच्या फटींत वाळू भरते. सध्या १.७ टन प्रति घनमीटर धरू, खड्डे घेऊन खात्री करा. १.४५ दलघमी म्हणजे २४.६ लाख टन, वर्षाला २.७४ लाख. तरंगत्या गाळात वाळू वर्षाला १.३८ लाख टन येते. त्यातली ७० टक्के अडकते असं धरलं तर ०.९७ लाख. उरलेले १.७७ लाख टन बेड लोडचेच, म्हणजे तळालगत घरंगळत येणाऱ्या गाळाचे. वाळू ५० टक्के अडकली तर हा आकडा २.०५ आणि ९० टक्के अडकली तर १.५. म्हणजे बेड लोड तरंगत्या गाळाच्या ३३ ते ४५ टक्के भरतो. तरंगत्या गाळाच्या १० टक्के बेड लोड धरण्याचा ठोकताळा इथे लावला असता तर डेल्टाचा बराच भाग कुठून आला हे सांगताच आलं नसतं.

मॉडेलचे २.४ दलघमी डिफॉल्ट १.४९ च्या घनतेने वर्षाला जवळपास ४ लाख टन होतात, म्हणजे वरच्या १.७७ लाखांच्या सव्वादोनपट. इथे एक मोह होईल. वाँग आणि पार्कर यांनी २००६ मध्ये मायर-पीटर म्युलरचा गुणक ८ वरून ३.९७ वर आणला. हेक-रासमध्ये तो पर्याय निवडला की वहन जवळपास निम्मं होईल आणि घनफळ जुळल्यासारखं दिसेल. दुरुस्ती योग्यच आहे, पण वरच्या टोकाला इक्विलिब्रियम लोड तसाच ठेवून ती लावली तर आकडा चुकीच्या कारणाने जुळेल. पुढे पुराचं वर्ष आलं की सगळं उघडं पडेल.

आता धरणाकडचं टोक. डेल्टाचा माथा कुठे बसतो हे ठरतं गाळ येतो त्या दिवशीच्या पातळीवर. डोंगरी नदीत वर्षाचा बहुतेक गाळ मोजक्या पूरदिवसांत येतो आणि नेमक्या त्या दिवसांची पातळी तुम्ही सरासरीत विरघळवली आहे. फरक ६ मीटरचा. त्याला १.१ टक्के उताराने भागा: साधारण ५४५ मीटर. डेल्टा एवढा मागे जायला हवा होता. तो २०० मीटरच मागे दिसतो, कारण जादा गाळ त्याला पुढे ढकलतोय. नुसता लोड दुरुस्त केलात तर डेल्टा आणखी तीन-साडेतीनशे मीटर मागे सरकेल आणि मॉडेल बिघडल्यासारखं वाटेल. ते अपेक्षित आहे. पातळी रोजची द्या, पुराच्या दिवसांत तासाची, आणि मग निकाल पाहा.

खडीवाळू:
तळपातळींच्या हिशोबाशी सहमत, फक्त ४.६ लाख टनांवर अडखळलो. हा आकडा विसर्ग आणि गाळ यांच्या लॉग-लॉग रेषेतून काढला असेल तर तो हमखास कमी निघतो, कारण लॉगमधली सरासरी उलटी फिरवली की भूमितीय मध्य मिळतो, खरी सरासरी नाही. दुरुस्तीचा गुणक सोपा आहे: दशमान लॉगमधल्या अवशेषांच्या (रेषेपासूनच्या फरकांच्या) प्रमाण विचलनाचा वर्ग २.६५१ ने गुणायचा आणि e चा तेवढा घात घ्यायचा. विचलन ०.३५ असेल तर गुणक १.३८. तुमचा तरंगता गाळ ६.३ लाख टन होईल, वाळू १.९ लाख, आणि बेड लोड १.७७ ऐवजी १.४ लाखांवर येईल, म्हणजे २२ टक्के. अवशेष नॉर्मल वितरणात बसत नसतील तर डुआनचा स्मिअरिंग गुणक वापरा. आणि चढत्या व उतरत्या पुरासाठी वेगळ्या रेषा काढा. एकाच विसर्गाला चढत्या पुरात गाळ कितीतरी जास्त असू शकतो.

आता करवतीबद्दल. ती मुख्यतः टाइम स्टेपची आणि सेक्शनच्या अंतराची आहे. क्वासी-अनस्टेडीमध्ये एका इन्क्रिमेंटभर प्रवाह तसाच धरून तळ बदलतात आणि मग पाण्याची रेषा पुन्हा काढतात. १२ तास एकाच शिअर स्ट्रेसने (तळावरच्या पाण्याच्या ओढीने) गाळ टाकत राहिलं की एका सेक्शनवर ढीग होतो, पुढच्या इन्क्रिमेंटला तो खरवडला जातो आणि शेजारच्यावर बसतो.

मर्यादा हाताने काढता येते. तळावरची लाट सरकण्याचा वेग साधारण असा: वहन वेगाच्या ज्या घाताने वाढतं तो घात (५ धरा), गुणिले एकक रुंदीचं गाळवहन, भागिले खोली आणि एक वजा सच्छिद्रता यांचा गुणाकार. वहन ०.००३ चौ. मी. प्रति सेकंद, खोली १.५ मीटर, सच्छिद्रता ०.३५ असेल तर ०.०१५ मीटर प्रति सेकंद. सेक्शन ५० मीटरवर असतील तर लाट एका सेक्शनवरून पुढच्यावर जायला ५४ मिनिटं, इन्क्रिमेंट त्याहून कमी हवा. पण प्रवाह क्रिटिकलच्या जवळ गेला, म्हणजे फ्रूड अंक (प्रवाहाचा वेग भागिले पृष्ठलाटेचा वेग) १ कडे सरकला, की हा वेग एक वजा फ्रूडचा वर्ग याने आणखी भागायचा. फ्रूड ०.८ ला मुदत १९-२० मिनिटांवर येते. तुम्ही १२ तास दिले आहेत.

म्हणून डेल्टाच्या माथ्याच्या अलीकडे-पलीकडे ४० ते ५० मीटरवर सेक्शन घ्या. डेल्टा नऊ वर्षं पुढे सरकतो, त्यामुळे त्याच्या पूर्ण वाटेवर. इन्क्रिमेंट विसर्गानुसार बदला: खडी हलत नाही अशा विसर्गाला २४ तास चालतील, मध्यम विसर्गाला १ तास, पुराला १० मिनिटं. मग सगळे इन्क्रिमेंट निम्मे करून पुन्हा चालवा. तळाची रेषा लक्षात येण्याइतकी बदलली तर अजून निम्मे करा. या चाचणीआधी कुठलाही गुणांक कॅलिब्रेट करायला बसू नका, नाहीतर तुम्ही संख्यात्मक चूक कॅलिब्रेट करत बसाल.

मॅनिंगचा ०.०५ पूर्ण प्रवाहरोधाचा आहे. त्यात धोंडे, पायऱ्या, वळणं सगळं आलं. खडी हलवतो तो फक्त कणांवरचा वाटा. डी९० (ज्याहून ९० टक्के कण लहान असतात तो आकार) १२० मिमी असेल तर कणांचा n म्हणजे ०.१२ चं सहावं मूळ भागिले २६, साधारण ०.०२७. दोन्हींच्या गुणोत्तराचा दीड घात ०.४. खडीवर काम करणारा शिअर स्ट्रेस एकूणच्या ४० टक्केच आहे. मायर-पीटर म्युलरच्या मूळ मांडणीत हा भाग आहे, नंतरच्या अनेक वापरांत तो गळतो. तुमच्या आवृत्तीत तो लागू होतो का, हे एका सेक्शनवर हाताने आकडेमोड करून पडताळा.

वाळू आणि खडी एकत्र आहे तर विल्कॉक-क्रो (२००३) वापरून बघण्यासारखं आहे. पृष्ठभागावर वाळू वाढली की खडी सहज सुटते, हा परिणाम त्यात आहे. मात्र त्याला पृष्ठभागाची कणरचना लागते, खालच्या थराची दिली तर वहन भलतंच निघतं. आणि सिम्युलेशन संपल्यावर इशाऱ्यांची यादी उघडून क्रिटिकल डेप्थ कुठे कुठे लागली ते पाहा. त्या सेक्शनवर शिअर स्ट्रेस फुगतो आणि तिथेच खोटा खड्डा पडतो.

दरीकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. रोजची पातळी, लोड सिरीज आणि ५० मीटरचे सेक्शन घालतो. हो, ४.६ लाख हा लॉग-लॉग रेषेतलाच आकडा आहे, दुरुस्तीविना. पण धरणाजवळचा पोयटा यातून येईल का? की त्यासाठी ३-डी लागेलच?

मंदजल:
सध्याच्या सेटिंगमध्ये तो येणारच नाही. मायर-पीटर म्युलर हे बेड लोडचं सूत्र. पोयटा आणि चिकणमातीच्या वर्गांना ते लावण्यात अर्थ नाही. बारीक वर्गांसाठी कोहेसिव्ह (चिकट गाळाच्या) पर्यायात क्रोन-पार्थेनियाडिस ही पद्धत निवडा आणि वाळूसाठी तरंगता भाग धरणारं सूत्र घ्या, उदा. मायर-पीटर म्युलर आणि टोफालेटी यांची जोडणी. साठणुकीचा आणि धूप सुरू होण्याचा शिअर स्ट्रेस तुमच्याच गाळाच्या नमुन्यावर मोजून घ्या. ताज्या आणि दबलेल्या चिखलात तो कित्येक पटींनी वेगळा असतो, पुस्तकी आकड्यावर विसंबू नका.

दुसरं, तापमान. डोंगरी नदीच्या गार पाण्याला २० अंश देणं ही किरकोळ गोष्ट नाही. ०.२ मिमीची वाळू २० अंशांना सेकंदाला सुमारे २३ मिमी खाली बसते, ५ अंशांना १७. २० मायक्रॉनच्या पोयट्याचा वेग ०.३५ मिमी वरून ०.२३ वर येतो, म्हणजे एक तृतीयांश घट. कारण फक्त पाण्याची चिकटता. तापमानाची मोजलेली मालिका द्या.

आता खरा मुद्दा. वरचा ०.२३ घ्या आणि २५ मीटर खोलीचा विचार करा. कण तळाशी पोहोचायला ३० तास लागतील. तुमच्या जलाशयात आता ३.९ दलघमी पाणी मावतं. १५० क्युमेकच्या (घनमीटर प्रति सेकंद) पुरात ते सव्वासात तासांत बदलतं. म्हणजे पूर्ण खोलीत मिसळलेला पोयटा बहुतांशी निघून जायला हवा. तरीही धरणाजवळ ५ मीटर चिखल आहे, कारण गढूळ पाणी खोलीभर मिसळत नाही. ते बुडी मारतं आणि तळालगत टर्बिडिटी करंट म्हणून धरणापर्यंत सरकतं. पाच मीटर जाडीच्या थरातून तोच कण सहा तासांत तळाला लागतो.

बुडी कुठे मारेल, तेही काढता येतं. ५ ग्रॅम प्रति लिटर गाळाने पाण्याची घनता ३.१ किलो प्रति घनमीटर वाढते. (५ आणि १० अंशांच्या पाण्यात फरक फक्त ०.२७ किलोचा असतो, तेव्हा पुरात तापमानाचा प्रभाव मागे पडतो.) घनतेच्या या फरकापुरतं उरणारं गुरुत्व ०.०३०६ मीटर प्रति सेकंद वर्ग होतं. १५० क्युमेक आणि ९० मीटर रुंदीला एकक विसर्ग १.६७. डेन्सिमेट्रिक फ्रूड (याच कमी गुरुत्वाने काढलेला फ्रूड अंक) ०.७ धरला तर बुडीची खोली ५.७ मीटर येते. म्हणजे डेल्टाच्या टोकाच्या थोडं पुढे. तिथे पुराच्या वेळी तरंगत्या काटक्या-लाकडांची रांग अडकलेली दिसते का, हे कॅमेऱ्यातून तपासता येईल. बुडीच्या रेषेवर पृष्ठभागाचं पाणी दोन्ही बाजूंनी एकत्र येतं, त्यामुळे तरंगणारा कचरा तिथेच थांबतो.

१-डी मॉडेलमध्ये ही यंत्रणाच नाही. दोन मार्ग आहेत. दीर्घकालीन साठ्याचा अंदाज हवा असेल तर १-डीमध्येच बारीक वर्गांची अडकण मोजलेल्या प्रमाणाशी जुळवा आणि तो जुळवलेला आकडा आहे हे अहवालात स्पष्ट लिहा. इनटेकसमोर (वीजगृहाकडे पाणी घेण्याच्या तोंडासमोर) चिखल किती उंचीपर्यंत येईल, तळाच्या दारांतून गढूळ पाणी वेळेवर सोडलं तर किती निघून जाईल, असे प्रश्न असतील तर ३-डी सॉफ्टवेअर हवं: डेल्फ्ट३डी, टेलिमॅक-३डी किंवा एसएसआयआयएम. तेही नऊ वर्षांचं नाही, एकेका पुराचं. उभ्या दिशेत तळालगतचे थर पातळ ठेवा. जाड थर आणि पहिल्या दर्जाची ॲडव्हेक्शन स्कीम (प्रवाहासोबतचं वहन मोजण्याची ढोबळ पद्धत) असेल तर करंट कृत्रिमरीत्या विरून जातो आणि मॉडेल सांगतं की करंट नाहीच. २-डी इथे मधल्या मधे लटकतं. खोलीभर सरासरी घेतल्यामुळे पोयट्याच्या बाबतीत ते १-डीपेक्षा फार काही जास्त सांगत नाही.

घनतेचंही बघा. लारा आणि पेम्बर्टन यांच्या १९६५ च्या पद्धतीत सदैव पाण्याखालच्या गाळाला चिकणमाती ४१६, पोयटा १,१२० आणि वाळू १,५५० किलो प्रति घनमीटर. तुमच्या चिखलात हे प्रमाण १०-७५-१५ असेल तर सुरुवातीची घनता १,११४ आणि नऊ वर्षांच्या दबण्याने सुमारे १,१७४. हेक-रासची डिफॉल्ट पोयट्याला १,०४१ आणि चिकणमातीला ४८० आहे. यावरून चिखल वर्षाला ०.५९ लाख टन येतो. खडीवाळू यांची दुरुस्ती धरून बारीक गाळ ४.४ लाख टन आला, तर अडकलेला १३ टक्क्यांच्या आसपास. साठा आणि आवक यांचं गुणोत्तर ०.००५५ आहे, त्यावरून ब्रूनचा वक्र (या गुणोत्तरावरून किती टक्के गाळ अडकेल ते सांगणारा) एकूण गाळाची अडकण ३० टक्क्यांच्या घरात नेतो. बारीक भागाला तो आकडा लावू नका, तो वक्र सगळ्या आकारांचा मिळून आहे.

झडप:
फ्लशिंगचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पातळी पूर्ण उतरवल्यावर गाळात जो नाला पडतो त्याच्या रुंदीचा ॲटकिन्सनचा अंदाज: विसर्गाच्या वर्गमुळाची १२.८ पट. ६० क्युमेकला ९९ मीटर. तुमचा जलाशय सरासरी १०० मीटर रुंद. म्हणजे नाला जवळपास काठापासून काठापर्यंत जाईल आणि १-डी मॉडेल इथे मूर्खपणाचं नाही. २५ क्युमेकला मात्र रुंदी ६४ मीटरच. तिथे १-डीने पूर्ण रुंदी खरवडली तर निघालेला गाळ दीडपट दिसेल, त्यामुळे हलत्या तळाची मर्यादा हाताने आवळावी लागते. कमी विसर्गाचे पर्याय २-डीत करा, बेसमेंट किंवा टेलिमॅकमध्ये, आणि बाजूचा उतार कोसळण्याचा पर्याय चालू ठेवून. ओल्या चिखलाचा आणि खडीचा कोसळण्याचा कोन वेगळा द्या.

डेल्फ्ट३डी वापरणार असाल तर फ्लशिंगच्या सिम्युलेशनमध्ये मॉर्फॅक (तळाचा बदल वाढवणारा गुणक) १ ठेवा. तळाचा बदल दहापट वाढवून वेळ वाचवण्याची युक्ती संथ बदलांसाठी आहे. फ्लशिंगमध्ये तळ, पातळी आणि दारांचा विसर्ग एकाच वेळी बदलतात. शिवाय पाण्यात तरंगणारा गाळ आणि तळातून सुटलेला गाळ यांचा ताळा मॉर्फॅकमुळे मोडतो. टाइम स्टेप सेकंदांत जाईल, त्याला इलाज नाही.

दारांचा विसर्ग पातळीवर अवलंबून ठेवा, ठरावीक मालिका देऊ नका. पातळी उतरण्याचा वेग दारांच्या क्षमतेने बांधलेला असतो आणि गाळाचं कमाल प्रमाण त्या वेगावर ठरतं. पाणी मोकळं वाहू लागल्यावर धूप धरणाकडून वरच्या दिशेला मागे सरकत जाते. तो पायरीसारखा कडा १-डीत दिसायला सेक्शन २० मीटरवर लागतात.

खालच्या नदीचं मॉडेल जोडल्याशिवाय पर्याय निवडू नका. स्वित्झर्लंडमधल्या गेबिडेम धरणात फ्लशिंग दरवर्षी होतं, म्हणून तिथे गाळ जुना होत नाही. जपानच्या कुरोबे नदीवर दाशिदाइरा धरणाचं पहिलं फ्लशिंग १९९१ मध्ये झालं, तेव्हा वर्षानुवर्षं साचलेला, कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांचा गाळ सुटला आणि खाली मोठी हानी झाली. त्यानंतर तिथे उनाझुकी धरणासोबत पुराच्या काळात एकत्र फ्लशिंग करण्याची पद्धत आली. नऊ वर्षांचा चिखल सोडताना खालच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती उरेल, हा हिशोब धरावाच लागेल.

दरीकाठ:
हे सगळं क्रमाने घेतो. शेवटची शंका: मधल्या वर्षांची वार्षिक सर्वेक्षणंही आहेत. कॅलिब्रेशन वर्षागणिक करू का?

तळपातळी:
डेल्टासाठी करा, चिखलासाठी नको. चिखलाचं क्षेत्र साधारण ०.०९ चौ. किमी (०.४५ दलघमी भागिले सरासरी ५ मीटर जाडी). सोनारच्या पातळीत ०.१५ मीटरची सलग चूक असेल तर १३,५०० घनमीटर इकडचे तिकडे. चिखल वर्षाला ५०,००० घनमीटरच साठतो. म्हणजे एकाच सर्वेक्षणाची चूक मोजायच्या आकड्याच्या पाव भागाहून जास्त. चिखलाला नऊ वर्षांचा एकत्रित फरक किंवा फार तर तीन-तीन वर्षांचे टप्पे घ्या. आणि कोणत्या वर्षी कोणती फ्रिक्वेन्सी वापरली ते पाहा: २०० किलोहर्ट्‌झ ताज्या पातळ चिखलाच्या वरच्या पृष्ठावरून परत येतो, २४ च्या आसपासचा त्यात शिरून खालचा घट्ट थर दाखवतो. दोन वर्षांत यंत्र बदललं असेल तर फरक गाळाचा नसून फ्रिक्वेन्सीचा निघू शकतो.

पहिली सहा वर्षं कॅलिब्रेशनला ठेवा, शेवटची तीन तपासणीला. त्या तीनांत एखादा मोठा पूर नसेल तर वाटणी उलटी करा, कारण पूर नसलेल्या वर्षांत चुकीचं मॉडेलही पास होतं.